हेलन केलरचे उसने रंग

हेलन केलरचे नाव ठाऊक नाही असा वाचक विरळा. पंपाच्या धारेखाली धरलेला सहा वर्षांच्या मुलीचा एक हात, दुसऱ्या तळहातावर शिक्षिकेने बोटांनी लिहिलेली अक्षरे, आणि प्रत्येक वस्तूला नाव असते हा तिला झालेला साक्षात्कार. ५ एप्रिल १८८७ या दिवशी अलाबामातल्या टस्कम्बिया गावी घडलेली ही गोष्ट आपण शाळेत किंवा एखाद्या भाषणात केव्हा ना केव्हा ऐकलेली असते. तिचे १९०३ साली प्रसिद्ध झालेले ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्रही पुष्कळांनी वाचलेले असते. पण त्यानंतर पाच वर्षांनी, १९०८ साली, तिने लिहिलेले ‘द वर्ल्ड आय लिव्ह इन’ हे छोटे पुस्तक फारसे कोणी उघडत नाही. माझ्या मते तिच्या साऱ्या लेखनात तेच सर्वांत मोलाचे आहे, आणि सर्वांत अडचणीचेही.

अडचण अशी की ज्याने जी वस्तू कधी पाहिली नाही, ऐकली नाही, त्याला त्या वस्तूचा शब्द वापरण्याचा अधिकार आहे काय? आणि त्याने तो वापरला तर त्या शब्दामागे अर्थ असतो, की नुसता आवाज? हा प्रश्न दिसतो तत्त्वज्ञानाचा. पण परदेशात मुलांना मराठी शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांच्या तो रोजच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलेला आहे. म्हणून या पुस्तकाबद्दल जरा सविस्तर लिहावे असे वाटले.

पुस्तकाच्या आरंभी हेलन एक मिश्किल तक्रार करते. संपादकांना तिच्याकडून फक्त तिच्याबद्दलच लिहिलेले हवे असते. जकातीबद्दल, देशाच्या नैसर्गिक संपत्तीबद्दल किंवा ड्रायफस प्रकरणाबद्दल तिचे मत काय, याची कोणालाच फिकीर नाही. तेव्हा चला, स्वतःबद्दलच लिहू, असे म्हणून ती कामाला लागते. आणि ते काम ती फार नेटके करते. हाताबद्दल ती लिहिते तेव्हा आपल्याला आपलेच हात नव्याने मिळाल्यासारखे होते. माणसांच्या हस्तांदोलनावरून त्यांचे स्वभाव ती रेखाटते. मार्क ट्वेनच्या हाताला विनोद कसा कळतो तेही सांगते. जमिनीतून येणाऱ्या कंपनांवरून चालणारा म्हातारा की तरुण, बाई की पुरुष, चाल कोणत्या ढबीची, हे तिला उमगते.

सगळ्यांत सुरेख आहे ते वासाबद्दलचे प्रकरण. पंचेंद्रियांच्या दरबारात वास हा पदावरून घसरलेला देवदूत आहे असे ती मानते, आणि मग त्याची बाजू घेऊन उभी राहते. वादळाचे कोणतेही चिन्ह दिसण्याच्या कितीतरी आधी तिला ते वासावरून कळते. जुन्या घरात शिरल्यावर तिथे पिढ्यान्पिढ्या राहून गेलेल्या माणसांच्या, झाडांच्या, अत्तरांच्या, पडद्यांच्या वासाचे थर तिला एकावर एक लागतात. समोरचा माणूस सुतार आहे, लोहार आहे की चित्रकार, हे त्याच्या कपड्यांना चिकटलेल्या लाकडाच्या, लोखंडाच्या, रंगाच्या वासावरून ती ओळखते. इथे एकही शब्द उसना नाही. दोन्ही डोळे शाबूत असलेल्या किती लेखकांना घराच्या वासाचे असे थर उलगडता येतील?

पण याच पुस्तकात ती रंगांबद्दलही लिहिते, प्रकाशाबद्दल लिहिते. आणि तिथेच टीकाकारांनी तिला गाठले.

टीका जुनीच होती. आत्मचरित्र आले त्याच वर्षी ‘द नेशन’ या साप्ताहिकातल्या परीक्षणाने तिच्यावर ऐकीव ज्ञानाचा ठपका ठेवला होता. ज्या गोष्टी हिच्या इंद्रियांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत त्यांबद्दलही ही अशा खात्रीने लिहिते, जणू सारे स्वतः पडताळून घेतले आहे, असा त्याचा आशय होता. त्याआधीची एक जखम तर याहून खोल होती. १८९१ साली, अकरा वर्षांची असताना, हेलनने ‘द फ्रॉस्ट किंग’ नावाची गोष्ट लिहून पर्किन्स अंधशाळेचे संचालक मायकेल अनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. शरद ऋतूत झाडांच्या पानांना रंग कसे चढतात याची ती परीकथा होती. गोष्ट छापली गेली, वाहवा झाली, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आले की मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या ‘द फ्रॉस्ट फेअरीज’ या गोष्टीशी ती फार मिळतीजुळती आहे. तीन वर्षांपूर्वी ती गोष्ट कोणीतरी हेलनच्या हातावर अक्षरे काढून तिला वाचून दाखवली होती. ती स्वतः हे साफ विसरली होती. अकरा वर्षांच्या या मुलीची चौकशी समितीपुढे रीतसर उलटतपासणी झाली. समितीची मते दुभंगली आणि अनाग्नोस यांच्या मताने ती सुटली. पण त्यानंतर तिने पुन्हा गोष्ट म्हणून काही लिहिली नाही. आत्मचरित्रात ती सरळ लिहून ठेवते की आपला विचार कोणता आणि वाचलेला कोणता याची सीमा आपल्याला कायम सांगता येत नाही, कारण वाचलेलेच आपल्या मनाचा पोत होऊन बसते.

योगायोग पाहा. उसनवारीचा पहिला आरोप झाला तो पानांच्या रंगांवरून. ज्या रंगांसाठी आपण दर ऑक्टोबरात गाड्या काढून शेकडो मैल हिंडतो, त्याच रंगांवरून.

पुढे टीका अंध विद्वानांकडूनच झाली, म्हणून ती अधिक लागणारी होती. माँतेनचे अभ्यासक पिएर व्हिले हे फ्रेंच प्राध्यापक लहानपणापासून अंध होते. त्यांनी १९१४ साली अंधांच्या विश्वावर पुस्तक लिहिले आणि त्यात हेलनच्या शब्दांच्या मोहावर बोट ठेवले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉमस कट्सफर्थ, तेही लहानपणी दृष्टी गेलेले, यांनी १९३३ साली ‘द ब्लाइंड इन स्कूल अँड सोसायटी’ या पुस्तकात या प्रकाराला ‘व्हर्बॅलिझम’ असे नावच दिले. आपण त्याला पोपटपंची म्हणू. त्यांनी जन्मांध मुलांना एकेक नाम सांगून पहिले सुचेल ते विशेषण विचारले, तेव्हा हाताला किंवा जिभेला जाणवणारे गुण बाजूला ठेवून बरीच मुले डोळसांचे, रंगाचे शब्द सांगत होती. कट्सफर्थ यांचे म्हणणे असे की शाळेने या मुलांना त्यांच्या स्वतःच्या अनुभवापासून तोडले, डोळसांच्या जगाचे उष्टे शब्द दिले, आणि हेलन केलर हे त्या शिक्षणाचे सर्वांत गाजलेले फळ.

आरोप गंभीर आहे, आणि त्यात करुणा आहे हेही विसरता कामा नये. आंधळ्या मुलाला स्वतःच्या हातांचा अभिमान वाटावा, उसन्या डोळ्यांचा नव्हे, हीच त्यामागची तळमळ.

हेलनचे उत्तर ‘द वर्ल्ड आय लिव्ह इन’मध्ये आहे. ती म्हणते, माझ्याजवळ सहा गुलाब आहेत. सगळ्यांना गुलाबाचाच वास आहे, पण प्रत्येक जातीचा वास निराळा. त्यावरून एकाच रंगाच्या छटा म्हणजे काय असावे हे मी ताडते. संत्र्याचा वास वेगळा आणि ग्रेपफ्रूटचा वेगळा, हे मला ठाऊक आहे. म्हणून दोन तांबडे एकमेकांपासून वेगळे कसे असू शकतात हे मला समजते. रंग मला दिसतो असा तिचा दावाच नाही. रंगांमधले नाते मला कळते, एवढाच तिचा दावा आहे.

हे वाचताना मला आपल्याकडची प्रमाणांची चर्चा आठवली. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकांनी एक प्रत्यक्षच मानले. वैशेषिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान या दोनांवर भागवले. उपमानाचे नैयायिकांचे ठरलेले उदाहरण गवयाचे. गवय नावाचा रानटी प्राणी शहरातल्या माणसाने पाहिलेला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे तो रानात जातो, गाईसारखा पण गाय नसलेला प्राणी बघतो, आणि त्याला कळते: हाच गवय.

या मापाने पाहिले तर ‘द नेशन’चे परीक्षणकार आणि कट्सफर्थ हे चार्वाकपंथी ठरतात: जे इंद्रियांनी घेतले तेवढेच खरे, बाकीची पोपटपंची. हेलन नैयायिक आहे. तिला सांगितले जाते, रंगांच्या छटा गुलाबांच्या वासांसारख्या असतात. फरक इतकाच की तिच्या नशिबी ते रान कधी येत नाही. ‘हाच गवय’ असे म्हणण्याची शेवटची पायरी तिला कधी चढता येत नाही. तिचे उपमान कायम अर्ध्या वाटेवर उभे राहते. पण अर्ध्या वाटेवरचा माणूस आणि घराबाहेर न पडलेला माणूस यांत फरक आहे की नाही? गवय गाईसारखा असतो हे ज्याला माहीत आहे, तो निदान घोड्याला गवय म्हणणार नाही.

हेलनची बाजू घेताना पुस्तकाचे दोष मात्र झाकू नयेत. दोन मला स्पष्ट दिसतात.

पहिला दोष तिच्या भाषाप्राप्तीपूर्वीच्या आठवणींचा. शिक्षिका ॲन सलिव्हन घरी येण्याआधी आपण आहोत हेच आपल्याला माहीत नव्हते, विचार नव्हता, ते जगच नव्हते, असे ती १९०८ च्या पुस्तकात सांगते. वाचकावर त्याचा मोठा परिणाम होतो. पण १९०३ च्या आत्मचरित्रात तिनेच निराळे चित्र काढले आहे. पाव हवा असला की ती कापण्याची आणि लोणी लावण्याची खूण करी. आइस्क्रीम हवे असले की यंत्र फिरवण्याची खूण करून थंडीने कुडकुडून दाखवी. जी मुलगी कुडकुडून आइस्क्रीम मागते तिच्या मनात आइस्क्रीमची कल्पना नाही असे कसे म्हणावे? कल्पना होती, ती त्वचेच्या आणि स्नायूंच्या भाषेत होती. शब्दाचे माहात्म्य वाढवण्याच्या भरात हेलनने स्वतःच्या हातांवर अन्याय केला.

अर्थात, नुसती संवेदना पुरेशी नव्हती हेही खरे. पंपापाशी जाण्याआधी पाणी तिच्या हातावरून हजारदा वाहून गेले होते, आणि बोटांनी अक्षरे काढायलाही ती शिकली होती. पण पेला आणि पाणी यांची अक्षरे काढताना तिचा सारखा गोंधळ होई. संवेदना होती, चिन्ह होते, दोहोंची गाठ पडलेली नव्हती. त्या दिवशी पंपाखाली तिला मिळाली ती ही गाठ.

दुसरा दोष शैलीचा. पुस्तकाचा शेवट अंधारावरच्या एका लांब कवितेने होतो, आणि अधूनमधून गद्यही असेच भरजरी होते. अशा ठिकाणी व्हिलेंची टीका पटते. पण बारकाईने पाहिले तर खोटेपणा रंगाच्या शब्दांत नाही, तो तयार साच्यात आहे. त्या काळच्या इंग्रजी पुस्तकी भाषेचा जो मुलामा तिच्या वाक्यांवर चढतो, तो तेव्हाच्या डोळस लेखकांच्या वाक्यांवरही तितकाच आहे. चंद्राकडे न बघता ‘रुपेरी चांदणे’ लिहिणारा डोळस कवी काही कमी पोपट नसतो. पोपटपंची हा आंधळेपणाचा रोग नाही. न बघता, न हुंगता, न चाखता लिहिणाऱ्या सगळ्यांचाच तो रोग आहे.

हेलनच्या काळी हा सारा वाद तर्काचा होता. त्यानंतर प्रयोग झाले, आणि ते कोणा एकाच पक्षाला पूर्ण यश देत नाहीत.

इंद्रियांच्या बाजूने पुरावा भरपूर आहे. २००१ साली स्टॅनफील्ड आणि झ्वान यांनी एक साधा प्रयोग केला. खिळा भिंतीत ठोकला, किंवा खिळा जमिनीत ठोकला, असे वाक्य वाचायला द्यायचे आणि मग खिळ्याचे चित्र दाखवून विचारायचे, ही वस्तू वाक्यात होती का? भिंतीचे वाक्य वाचलेल्यांनी आडव्या खिळ्याला लवकर होकार दिला, जमिनीचे वाक्य वाचलेल्यांनी उभ्या खिळ्याला. वाक्यात आडवा-उभा असा शब्दच नव्हता. वाचणाऱ्याच्या मनाने खिळा ठोकून पाहिला होता. २००६ सालच्या स्पेनमधल्या संशोधनात दालचिनी, लसूण असे वासाचे शब्द नुसते वाचतानाही मेंदूतली वासाशी संबंधित क्षेत्रे जागी होताना आढळली. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ज्ञानदेवांनी शब्दांच्या रसाळपणावर इंद्रियांचे भांडण लावले आहे: शब्द खरा कानांचा विषय, पण जीभ म्हणते हा माझा रस, नाकाला तो परिमळ वाटतो, डोळ्यांना रूप. सातशे वर्षांपूर्वीचे ते कवीचे बोलणे इतके शब्दशः खरे निघेल असे कोणाला वाटले असते?

पण दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. बार्बरा लँडाउ आणि लायला ग्लाइटमन या दोघींनी १९८५ साली जन्मांध मुलांच्या भाषेवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातल्या एका छोट्या मुलीला ‘वर बघ’ म्हटले की ती मान न हलवता हात वर करी. डोळस मुलांचे डोळे बांधून तीच आज्ञा दिली की ती चेहरा वर करत. ‘हात लाव, पण बघू नकोस’ म्हटले की ती अंध मुलगी वस्तूला नुसता स्पर्श करी. ‘आता बघ’ म्हटले की सगळीकडून चाचपून पाही. ‘बघणे’ हा शब्द तिच्यासाठी पोकळ नव्हता. हातांनी नीट शोध घेणे असा अर्थ तिने त्यात स्वतः भरला होता.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण हा अर्थ आपल्या व्याकरणातच आहे. आपण चाखून बघतो, वास घेऊन बघतो, ऐकून बघतो, हात लावून बघतो. वैद्य नाडी बघतो ती बोटांनी. आई ताप बघते ती तळहाताने. भात शिजला का ते शीत दाबून बघतात. इंग्रजीत त्या मुलीने जो अर्थ स्वतः घडवला, तो मराठीत जन्मलेल्या अंध मुलीला आजीकडून आयताच मिळाला असता.

मरीना बेडनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २०१९ सालचे संशोधन याच्याही पुढे जाते. इंग्रजीतली डोकावणे, टक लावून पाहणे, किंवा तेवणे, लुकलुकणे, लखलखणे अशा अर्थांची क्रियापदे त्यांनी जन्मांध आणि डोळस माणसांपुढे जोड्यांनी ठेवली आणि कोणती किती जवळची ते विचारले. उत्तरे बव्हंशी सारखी आली. स्थिर उजेड आणि थांबून थांबून येणारा उजेड यांतला फरक जन्मांधांना पक्का माहीत होता. त्याच वर्षी या गटाने प्राण्यांच्या रूपाबद्दलही विचारले. आकार आणि अंगावरची लव किंवा पिसे यांबाबत अंध आणि डोळस यांच्यात बरेच एकमत दिसले. रंगाबाबत मात्र फाटे फुटले. खरे म्हणजे तोंडी सांगायला रंगच सर्वांत सोपा: बगळा पांढरा, म्हैस काळी. अंधांचे ज्ञान नुसते ऐकीव असते तर तेच त्यांना सर्वांत चांगले यायला हवे होते. पण प्राणी कोणत्या कुळातला, कुठे राहतो, यावरून तो कसा असेल याचा तर्क ते लावत होते, आणि रंगाचा तर्क असा लावता येत नाही. नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर हे नुसते शब्दप्रमाण नाही. यात अनुमान भरपूर आहे. ‘द नेशन’च्या परीक्षणकारांचा ‘ऐकीव’ हा आरोप इथेच लंगडा पडतो.

मला यावरून असे वाटते की मनातली कल्पना म्हणजे एक मांडव आहे. त्याला खांब अनेक: डोळ्यांचा एक, नाकाचा एक, हाताचा एक, इतरांच्या बोलण्याचा एक, तर्काचा एक. एक खांब काढला तर मांडव त्या बाजूला झोल खातो, पण पडत नाही. सगळे खांब काढून नुसता बोलण्याचा ठेवला तर मात्र वाऱ्याची वाट पाहायची.

राहता राहिला रानात जाण्याचा प्रश्न. विल्यम मॉलिन्यू या आयरिश विद्वानाने १६८८ साली जॉन लॉकला पत्र लिहून विचारले होते: हाताने गोल आणि घन ओळखणाऱ्या जन्मांधाला एकाएकी दिसू लागले, तर नुसते बघून त्याला ते ओळखता येतील का? या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला तीनशे वर्षांहून अधिक काळ गेला, आणि ते आले भारतातून. एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मापासून न दिसणाऱ्या भारतीय मुलांवर शस्त्रक्रिया केल्या जातात. २०११ साली त्यांच्या गटाने अशा पाच मुलांची चाचणी प्रसिद्ध केली. मुले आठ ते सतरा वर्षांची होती. दृष्टी आल्यावर लगेच, हाताने चाचपलेला ठोकळा त्यांना डोळ्यांनी ओळखता येईना. पण पुन्हा तपासलेल्या मुलांना थोड्याच दिवसांत ते जमू लागले. हाताचे ज्ञान डोळ्यांकडे आपोआप जात नाही, पण भेट घडवली तर ओळख पटायला वेळही लागत नाही.

आता आपल्याकडे वळू. आपली इथे जन्मलेली मुले मराठी वर्गात रहाट, ओसरी, पाटा-वरवंटा, पारिजातक, शेणाने सारवलेले अंगण हे शब्द शिकतात. यांतले त्यांनी काहीच पाहिलेले नसते. म्हणजे कट्सफर्थ यांनी अंधशाळांबद्दल जे म्हटले तेच आपण अगदी प्रेमाने करत असतो: आपल्या अनुभवाचे शब्द दुसऱ्याच्या तोंडात घालतो, आणि मूल ते बिनचूक म्हणून दाखवते तेव्हा टाळ्या वाजवतो. आपल्या अंकांतल्या कवितांतही मातीचा गंध आणि प्राजक्ताचा सडा वर्षानुवर्षे त्याच जागी पडलेले असतात. लिहिणाऱ्याच्या नाकात तो वास एके काळी होता हे खरे, पण आता कवितेत आहे तो वास नव्हे, वासाचा शब्द आहे.

यावर उपाय म्हणून हे शब्द टाकून द्यावेत असे मी म्हणणार नाही. गवयाची गोष्ट तेच सांगते: शब्द आधी ठाऊक असला तरच रानात गेल्यावर ‘हाच तो’ म्हणता येते. सुट्टीत आजोळी गेलेले मूल विहिरीवर ‘हाच का रहाट’ म्हणून विचारते, तेव्हा त्याच्या उपमानाची शेवटची पायरी पुरी होते. पण तोवर रहाट हा मांडव एका खांबावर उभा असतो, हे शिकवणाऱ्याने ओळखून असावे.

दुसरे असे की मराठीचे सगळेच शब्द गावाकडे राहिलेले नाहीत. वस्तूंची नावे तिकडे राहतात. गुणांची नावे आपल्याबरोबर विमानात बसतात. मराठीत वासाचे आणि चवीचे शब्द विलक्षण नेमके आहेत: कुबट, खवट, करपट, खमंग, आंबूस, उग्र, तुरट. यांसाठी महाराष्ट्रच लागतो असे थोडेच आहे? पावसाळ्यानंतर बेसमेंटमध्ये जो वास कोंडतो तो कुबट. कपाटात वर्षभर राहिलेले अक्रोड खवट. टोस्टरमध्ये जास्त राहिलेला पाव करपट. क्रॅनबेरीचा बिनसाखरेचा रस प्यायल्यावर जीभ आखडते ते तुरट. मलाया द्वीपकल्पातल्या जहाई लोकांच्या भाषेत वासांची अशी स्वतंत्र नावे डझनभर आहेत. आसिफा माजिद आणि निक्लस बुरेनहुल्ट यांनी २०१४ साली दाखवले की ते लोक वासांना रंगांइतक्याच सहज नावे देतात, तर इंग्रजी बोलणारे ‘अमक्यासारखा वास’ म्हणत चाचपडतात. म्हणजे इथल्या मुलाला ‘कुबट’ हा शब्द दिला, आणि तो त्याच्या स्वतःच्या नाकाशी बांधला, तर तो शब्द त्याचा स्वतःचा होतो. ही उसनवारी नव्हे, ही कमाई.

उलटही घडते. ‘पानगळ’ या शब्दात आपल्याकडे शिशिरातला वाळला पाचोळा होता. इथे आल्यावर त्याच शब्दात केशरी, किरमिजी, पिवळाधमक असे रंग शिरले. आपल्या मुलांच्या मराठीत पानगळ हा रंगांचा शब्द असेल, आणि तो त्यांचा स्वतःचा असेल.

ॲन सलिव्हन यांनी हेलनला शिकवताना लवकरच एक गोष्ट ठरवली होती: सुटे शब्द घोटून घ्यायचे नाहीत. आया तान्ह्या मुलांशी जशा बोलतात तशी पूर्ण वाक्ये, दिवसभर, घडत असलेल्या गोष्टींबद्दल तिच्या हातावर लिहीत राहायची. कळेल तेव्हा कळेल. ‘विचार करणे’ या अमूर्त क्रियेचा शब्दही तसाच शिकवला. हेलन मणी ओवताना अडली, डोके लढवू लागली, त्याच क्षणी बाईंनी तिच्या कपाळाला हात लावून तो शब्द लिहिला. घडत असलेल्या क्षणावर शब्द ठेवणे, एवढीच ती पद्धत. आठवड्यातून दोन तासांच्या वर्गात हे होणार नाही. ते घरच्या ओट्याशी, गाडीत आणि बेसमेंटच्या जिन्यावरच व्हायला हवे.

‘द वर्ल्ड आय लिव्ह इन’ या पुस्तकाला शंभरहून अधिक वर्षे झाली. त्यातली अंधारावरची कविता मी पुन्हा वाचणार नाही. वासाचे प्रकरण मात्र पुनःपुन्हा वाचण्यासारखे आहे, आणि मराठी शिकवणाऱ्या प्रत्येक आईबापाने ते एकदा तरी वाचावे. उसने रंग वापरल्याबद्दल हेलन केलरला दोष देणाऱ्यांनी तिच्या स्वतःच्या वासांकडे पुरेसे लक्ष दिले नाही. ती रंगांपर्यंत पोचली ती त्याच वाटेने. आपल्या मुलांना न पाहिलेल्या महाराष्ट्रापर्यंत जायचे असेल, तर त्यांनाही स्वतःच्या नाका-जिभेपासूनच निघावे लागेल.